कोळणीशी भाव करताना

प्रश्न असा आहे: "मी मूळची अकोल्याची. लग्न होऊन ठाण्यात आले, सासरचे सगळे मासे खाणारे. आजवर बाजार सासूबाई करायच्या. आता त्यांचे गुडघे दुखतात म्हणून मी जाते. कोळीण सांगेल तो भाव देऊन आले की घरी म्हणतात, महाग आणलंस. एकदा धीर करून अर्धी किंमत सांगितली, तर तिने सगळ्या बाजारादेखत सुनावलं. मासळीत घासाघीस करायची तरी कशी?"

मी सव्वीस वर्षं मालवणी जेवणाचे डबे करते. आठवड्यातले चार दिवस माझी सकाळ मासळी बाजारात जाते, त्यामुळे तुम्हाला ओरडा बसला ती वेळ मला अगदी डोळ्यांसमोर दिसते. ती कोळीण चिडली, त्यालाही कारण होतं.

अर्धी किंमत सांगायची रीत फुटपाथवरच्या कपड्या-चपलांची. तिथला माल महिनाभर पडून राहिला तरी बिघडत नाही आणि सांगण्याच्या किमतीत भरपूर हवा असते. मासळीचं तसं नाही. तुमच्यासमोर बसलेली बाई पहाटे, अनेकदा रात्रीच, मुंबईत भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला गेलेली असते. तिथे लिलावात बोली लावून तिने मासळीची पाटी उचललेली असते. त्यावर बर्फ, हमाल, टेम्पोचं भाडं, बसायच्या जागेचा खर्च. हे सगळं धरून तिच्या डोक्यात एक आकडा पक्का असतो, आणि सकाळी ती त्याच्या खाली येत नाही. तुम्ही निम्म्याने मागता तेव्हा तिला ऐकू येतं ते एवढंच: तुझी रात्रीची जाग फुकट. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर तिच्या मालाचा जीव दिवसभराचाच. संध्याकाळपर्यंत विकलं नाही तर पुन्हा बर्फाचा खर्च, आणि उद्या तोच मासा कालचा म्हणून विकायचा. तिची खरेदी हे एक टोक, रात्र हे दुसरं. तुमची घासाघीस या दोन टोकांच्या मधे चालते. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की तोंड उघडण्याआधीच निम्मा भाव ठरलेला असतो. कोणत्या वारी गेलात, किती वाजता गेलात, कोणत्या पाटीपुढे बसलात, यावर तो ठरतो. बोलण्यातून सुटतो तो शेवटचा थोडाच भाग, त्याहून जास्त नाही.

वाराचं आधी सांगते, कारण त्याला काहीच कौशल्य लागत नाही. आपल्याकडे रविवार, बुधवार, शुक्रवार हे खाण्याचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं खूप, शिवाय संकष्टी आणि एकादशी. मासे मात्र वार बघून जाळ्यात येत नाहीत. गुरुवारी अकरा वाजता बाजारात गेलात तर पाटी भरलेली आणि पुढे गिऱ्हाईक दोन-चार. तीच सुरमई रविवारी नऊला मागाल तर कोळीण तुमच्याकडे वरसुद्धा बघणार नाही, कारण तुमच्या मागे तिघं उभे आहेत. घरात गुरुवार पाळत असाल तर गुरुवारी घ्या, साफ करून मीठ-हळद लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि शुक्रवारी करा. सुरमई, रावस, हलवा याला छान टिकतात. बोंबील आणि मांदेलीला हा हिशेब लावू नका, ते त्याच दिवशी तव्यावर जायला हवेत.

वर्षाचंही असंच गणित आहे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत बाजारात दिसणारं मोठं पापलेट बहुतेक शीतगृहातलं, आणि ते चढ्या भावाने मिळतं. तेव्हा भाव करण्यात वेळ घालवू नका. खाडीतले बोय मासे, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, आणि आधी भरून ठेवलेली सुकी मासळी खा. ऑगस्टमध्ये बोटी परततात आणि तेव्हाच बऱ्याच घरांत श्रावण चालू असतो. माल भरपूर, खाणारे कमी. तुमच्या घरी श्रावण पाळत नसतील, तर वर्षातला हा सगळ्यात चांगला काळ आहे. उलट गटारीचा आठवडा आणि अनंत चतुर्दशीनंतरचे दोन-तीन दिवस, तेव्हा बाजारात जाऊन भाव केला तरी हाती काही लागत नाही. शिमग्यालाही तेच. कोळीवाड्यांचा तो मोठा सण, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि ताजं म्हावरं कमीच येतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती बाजारात कुणी आपणहून सांगत नाही. बोंबील, जवळा, मांदेली, करंदी ही मासळी मुख्यत्वे डोलीच्या जाळ्यात येते. डोल एका जागी रोवलेली असते आणि पाण्याच्या ओढीने मासळी तिच्यात शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, डोली भरतात. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी सुस्त, डोलीत कमी येतं. म्हणून बोंबील घ्यायचे तर कॅलेंडरवर तिथी बघा. उधाणाच्या दिवसांत वसई, अर्नाळा, उत्तन, वर्सोव्याकडून पाट्यांवर पाट्या येतात, आणि मग त्याच पैशांत वाटा, म्हणजे मासळीचा ढीग, आपसूक मोठा होतो. हे मला एका वयस्कर कोळणीने शिकवलं, तेव्हा माझ्या धंद्याला सात-आठ वर्षं झाली होती. त्याआधी मी भांगेत बोंबलासाठी घसा कोरडा करत होते.

आता मासा ओळखण्याचं. याला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण माल ओळखता येत नसेल तर कमी केलेला प्रत्येक रुपया खोटा असतो. सुरुवातीच्या काळात मी एकदा हलव्याचा भाव चांगला दीडशेने उतरवून घेतला आणि आनंदात घरी आले. कापायला घेतला तर काट्याजवळचं मांस तपकिरी, बोट लावलं की सुटत होतं. त्या दिवशी बारा डब्यांत उसळ गेली. कोळणीने दीडशे का सोडले, हे मला तेव्हा कळलं.

पापलेट हातात घ्या. डोळा बघा: चमकदार, फुगीर हवा. मग कल्ल्याजवळ अंगठ्याने हळू दाबा. ताजं असेल तर कल्ल्याखालून दुधासारखं पांढरं पाणी येतं. पिवळट किंवा लालसर आलं तर पाटीत परत ठेवा आणि काही न बोलता पुढे चला. अंगावर बोट दाबून सोडा. खळगा लगेच भरून आला पाहिजे. सुरमई आणि रावसाचे कल्ले उघडून बघायला सांगा. आत लालभडक हवं, विटकरी-काळपट नको. कापलेल्या तुकड्या घेत असाल तर मधल्या काट्याला मांस घट्ट चिकटलेलं आहे का, तेवढं बघितलं तरी पुरे. बोंबील लकाकणारा आणि तोंडाशी गुलाबी हवा. पिवळा पडला की त्याचा दिवस संपला. मांदेलीचं पोट फुटलेलं नको. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट असावं आणि काळं नसावं. चिंबोरी जिवंतच घ्यायची आणि हातात जड लागली पाहिजे. दोन सारख्या आकाराच्या दोन हातांत धरून बघा, फरक लगेच कळतो. तिसऱ्यांची तोंडं मिटलेली हवीत. उघडी असेल तर टिचकी मारा, मिटली तर जिवंत.

हे सगळं बघताना कोळीण तुमच्याकडे बघत असते. तुम्ही पापलेटाच्या कल्ल्यावर अंगठा ठेवलात की तिला समजतं, हिला माल कळतो. तिथे तिचा पहिला आकडा आपोआप खाली येतो. जी बाई लांबूनच पाटीकडे बोट दाखवून "हे कसं दिलं?" विचारते, तिला वेगळा भाव सांगितला जातो. यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. जाणत्या गिऱ्हाइकाला योग्य भाव सांगितला तर सौदा होतो, हे तिला अनुभवाने माहीत असतं. नवख्या गिऱ्हाइकाचा तिला अंदाज नसतो, म्हणून ती वर ठेवून सांगते.

गेल्या मार्गशीर्षातल्या एका गुरुवारचा व्यवहार सांगते, म्हणजे बोलणं कसं जातं ते लक्षात येईल. सव्वादोन किलोच्या आसपासची सबंध सुरमई होती, कल्ले लाल, अंग ताठ. तिने दोन हजार सांगितले. मी मासा खाली ठेवला नाही, हातातच धरून म्हटलं, "मावशी, सबंध घेते, तुकडा मागत नाही. सोळाशे." ती म्हणाली, "धक्क्यावर पंधराशेला पडली गो बाय. बरफ कोण देल, टेम्पो कोण देल?" मी काहीच बोलले नाही. बाजूच्या पाटीत करंदीचा वाटा होता, तो बोटाने हलवून बघितला. मग ती साडेअठराशे म्हणाली. मी म्हटलं, "सतरा देते, आणि हा करंदीचा वाटा वर घाल." तिने सुरमईवर हाताने पाणी शिंपडलं, जरा थांबली, आणि मासा कोयत्याखाली घेतला. करंदी पिशवीत आली.

यात तीन गोष्टी आहेत. एक, मी माल हातात धरला होता. मासा खाली ठेवून भाव करणारं गिऱ्हाईक निघून जाणार, असं ती धरून चालते. दुसरी, मी खोड काढली नाही. चांगल्या माशाला "शिळा दिसतो" म्हणणं ही बाजारातली सगळ्यात वाईट सवय आहे. तिला माहीत असतं की तो ताजा आहे. तुम्ही तिला खोटं पाडता आणि तिथेच बोलणं संपतं. तुम्हीही असं काही बोलला असाल, तर ओरडा आकड्यासोबत त्यासाठीही बसला असेल. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: शेवटी मी भाव तोडायचं सोडलं आणि वर मागितलं. हातातले रोख पैसे सोडणं तिला जड जातं. पण वाटाभर करंदी, चार मांदेल्या, दोन बांगडे पाटीतून उचलून टाकणं सोपं जातं, कारण त्यातलं थोडं दिवसाअखेर उरणारच असतं. दोनशे रुपये सोडवायला दहा मिनिटं भांडावं लागतं. तेवढ्याच किमतीची मासळी "वर घाल" म्हटलं की एका वाक्यात येते. आमच्या घरच्या निम्म्या आमट्या अशा वरच्या मासळीवर झाल्या आहेत.

तिची खरी खरेदी कुठे आहे ते ओळखायचं कसं? बोलत असते तोवर जागा असते. "नको बाय, परवडत नाही" असं मोठ्याने म्हणते तेव्हाही जागा असते. ती गप्प होऊन मासा ओल्या गोणपाटाखाली सरकवते तेव्हा तळ आला. त्यानंतर एक रुपयासुद्धा मागू नका. घ्यायचं असेल तर तिने शेवटी सांगितलेल्या भावात घ्या, नाहीतर "येते मावशी" म्हणून उठा.

सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाबद्दल लक्षात ठेवा. ती "भवानीची वेळ आहे" म्हणाली की तिला सौदा मोडायचा नसतो. पहिलं गिऱ्हाईक परत गेलं तर दिवस वाईट जातो, असं ती मानते. याचा फायदा घेता येतो, मीही घेते. पण थोडासाच, आणि घ्यायचंच नसेल तर भवानीच्या वेळी भाव विचारूच नये. भवानी झाल्यावर ती नोट कपाळाला लावते. ते बघून बाजाराला आलेल्या माणसाचं मन भरून येतं, निदान माझं येतं.

वाट्याच्या मासळीत दर बोलण्याआधी वाटा बघा. मोठी वर आणि बारीक खाली, अशी मांडणी सर्रास असते. "वाटा परतून दाखव" म्हणा, यात कुणाला राग येत नाही. दोन वाटे एकदम घेतलेत तर तिसऱ्यातला मूठभर मागायचा तुमचा हक्क असतो. वजनावर घेत असाल तर काटा शून्यावर आहे ना ते बघा आणि कोळंबीतलं बर्फाचं पाणी निथळून मग वजन करायला सांगा. कोळंबी सोलल्यावर वजन जवळजवळ निम्मं राहतं, म्हणून सोललेल्या आणि सालासकट कोळंबीच्या दराची तुलना करताना हा हिशेब आधी मांडा. कित्येकदा सोललेली महाग वाटते आणि प्रत्यक्षात सारखीच पडते. सबंध मोठा मासा तुकड्यांपेक्षा किलोमागे स्वस्त पडतो आणि डोकं-शेपूट आमटीला येतं. शेजारणीबरोबर वाटून घेतलात तर आणखी चांगलं. कापून देणार की वेगळे पैसे, हे दर ठरण्याआधी विचारा. काही बाजारांत कापणाऱ्या बाया वेगळ्या बसतात, आणि ते पैसे त्यांचे, कोळणीचे नव्हेत. आणि गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, निघाली तर ती तुमच्या पिशवीत गेली की नाही, यावर डोळा असू द्या.

दोन ठिकाणी स्वस्ताच्या मागे अजिबात जाऊ नका. पहिलं म्हणजे संध्याकाळचा मऊ बांगडा. बांगडा, कुपा अशा माशांत उन्हात, बर्फाशिवाय राहिल्यावर हिस्टामाइन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. माझ्या मुलाच्या अंगावर एकदा अर्ध्या तासात लाल चट्टे उठले, चेहरा तापला, डोकं ठणकू लागलं. बांगडे मीच आणले होते, शेवटचा वाटा म्हणून निम्म्या भावात. त्यानंतर बांगडा ताठ नसेल, वाकवल्यावर लोंबत असेल, तर फुकट दिला तरी मी घेत नाही. दुसरं म्हणजे पापलेटाची पिल्लं. तळहाताएवढंही नसलेलं पापलेट वाट्यावर स्वस्तात मिळतं. त्यात खायला काही नसतं, आणि ते अंडी घालायच्या आधीच पकडलेलं असतं. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीचे मच्छीमार वर्षानुवर्षं पापलेट कमी झाल्याचं सांगत आले आहेत. २०२३ मध्ये राज्य सरकारने सिल्व्हर पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. तरी वाटे बाजारात दिसतातच, कारण आपण ते घेतो. मी घेत नाही आणि माझ्या कोळणीला ते सांगितलेलंही आहे.

सुक्या मासळीत मात्र मनसोक्त भाव करा. एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी, सुके बोंबील, सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी, जवळा एकदम घ्यायचे. तिथे खरी सूट प्रमाणावर मिळते. बोंबील वाकवला तर कडक लागला पाहिजे, लवलवता नको. मूठभर जवळा कागदावर झटकून बघा, वाळू किती पडते ते दिसेल. दोन-तीन घरांनी मिळून पाच किलो घेतलं तर भाव वेगळाच सांगतात.

आता तुमच्या घरच्यांचं बोलणं. "महाग आणलंस" असं म्हणणाऱ्यांना त्या दिवशी बाजार काय होता हे माहीत नसतं. पुढच्या वेळी सासूबाईंना फोनवर पाटीतला मासा दाखवा, त्यांना कल्ला बघून सांगता येईल. आणि त्यांची जुनी कोळीण कोण होती ते विचारून तिच्याकडेच जा. "अमक्यांची सून" म्हटलं की पहिल्याच दिवशी तुमचा दर बदलेल. महिनाभर एकीकडेच घ्या. मधे एखादा दिवस ती सांगेल तो भाव, काही न बोलता, हसून द्या, विशेषतः पावसात ती एकटीच बसलेली असेल तेव्हा. माझी कोळीण आता मी न विचारता सांगते, "आज सुरमई नको घेऊ, कालची हाय. हलवा ने." असं सांगणारी बाई मिळाली की मी भाव जवळजवळ करतच नाही. पाटीपुढे बसते, ती देईल ते घेते, आणि वरच्या दोन मांदेल्या मात्र अजून मागते, नाहीतर तिलाच चुकल्यासारखं वाटतं.

येत्या गुरुवारी साडेदहा-अकराला जा. सुट्या नोटा घ्या. दोन हजारांच्या बोलण्यात पाचशेच्या चार नोटा दिसल्या तर तिला तीनशे परत करायला जिवावर येतं. जाताना घरून एक जाड पिशवी आणि स्टीलचा डबा न्या, आणि तिच्याकडून मूठभर बर्फ मागून मासळीवर घाला. ठाण्याच्या उन्हात रिक्षाला वीस मिनिटं लागली तरी सुरमई ताठ घरी पोचेल. पोचल्यावर आधी मासे धुऊन मीठ-हळद लावा, भाजी आणि बाकीची पिशवी मग काढा.